सरपंचांची सही

"सगळ्या सरपंचांनी हात वर करा," दीपमाला मॅडम म्हणाल्या. काचेच्या आत भराभर हात वर गेले. काचेच्या बाहेरही तीन गेले.

बाहेरचे तिघे म्हणजे नवरे. "शिबिर फक्त महिलांसाठी आहे," असं सांगून मॅडमनी त्यांना सकाळीच व्हरांड्यात काढलं होतं. पण महाबळेश्वरच्या या हॉटेलात हॉलला त्या बाजूनं भिंतच नव्हती, नुसती काच होती. दरी दिसावी म्हणून बसवलेली. दरीत धुकं भरलेलं, मग दिसणार काय? नवरे!

सगळ्याजणी खो खो हसल्या. संयोगिताही हसली, आणि मध्येच थांबली. त्या तिघांतला एक तिचा धनाजी होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात सहीसाठी आणलेली फाइल होती.

भिंतीवर हा एवढा मोठा बॅनर. महिला नेतृत्व निवासी शिबिर : आनंद, सुशासन, शाश्वत विकास. सध्या आनंद चालू होता. सुशासन जेवणानंतर.

"डोळे मिटा. जिथं तुम्हाला मोकळं वाटतं, अशी एक जागा आठवा."

संयोगितानं डोळे मिटले. तिला गावावरच्या डोंगरातला झरा आठवला. अख्खं गाव त्याचं पाणी पितं. आणि लगेच त्या झऱ्याच्या डोक्यावर बसणारा खडीचा क्रशरही आठवला. अजून बसला नव्हता तो. बसायला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागतो, दाखल्यावर सरपंचाची सही लागते, आणि सरपंच ती होती.

टक टक. काचेवर अंगठी वाजली.

तिनं डोळे आणखी घट्ट मिटले.

टक टक टक.

"श्वास सोडा," मॅडम म्हणाल्या. तिला तो सुटेना. मोबाइल मॅडमच्या टोपलीत, गाडीची किल्ली धनाजीच्या खिशात, आणि काचेपाशी स्वतः धनाजी. डोळे मिटले तरी धनाजीच.

"आवं, तुमचं मालक काच फोडत्यात आता," शेजारची गुणमाला कुजबुजली. ती सांगलीकडच्या नदीकाठच्या गावची सरपंच. आपला नवरा घरी म्हशी बघतोय, हे ती सकाळपासून सगळ्यांना कौतुकानं सांगत होती.

दार सरकलं. धनाजी चपला बाहेर काढून आत आला.

"मॅडम, एकच मिनिट. आमच्या मंडळींची एक सही."

"दादा, सत्र चालू आहे."

"चालू द्या की. आमचं बी चालूच हाय." त्यानं फाइल संयोगिताच्या मांडीवर ठेवली. "सरपंचाच्या सह्या खोट्या हायत म्हणून कुणीतरी तक्रार ठोकलीय. क्रशरवाला म्हणतोय, बाई सही करताना व्हिडिओ पायजे. संध्याकाळी माणूस येणार हाय न्यायला." मग त्यानं व्हिडिओ चालू करून आपला मोबाइल गुणमालाच्या हातात दिला. "ताई, जरा धरा. सही आन् तोंड, दोन्ही आलं पायजे."

"तोंड कुणाचं? त्यांचं का तुमचं?" गुणमाला म्हणाली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"झऱ्याचं काय?" संयोगितानं हळूच विचारलं.

"टँकर हाय की."

"कुणाचा?"

"आपलाच घिऊ एक."

"मी गावाला इचारते म्हणाले हुते."

"घरी गेल्यावर इचार. आदी सही कर. शब्द दिलाय मी."

तो हे अगदी गोड आवाजात बोलत होता. धनाजी कधी ओरडायचाच नाही. तो बोलायचं बंद करायचा. मग सासूबाई बंद, दीर बंद, जाऊ बंद, जेवणाच्या ताटांचा तेवढा आवाज. गेल्या वेळी तो अबोला सुटेपर्यंत गणपती येऊन गेले होते. आणि शिबिर संपल्यावर त्याच्याच गाडीत बसून घाट उतरायचा होता.

तिनं पेन उचललं. हॉलमध्ये कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते.

तिनं सही केली. शाळेत करायची तशी, एकेक अक्षर सुटं, आणि शेवटी वरून सरळ रेघ. संयोगिता.

धनाजीनं कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. "अगं, ही कसली सही?"

"माझी."

"ही न्हाई चालत. मागच्या समद्या कागदांवर येगळी हाय. जुळाया पायजे. ती कर की."

"ती कंची?"

"अगं ती! मी करतो ती!"

दीपमाला मॅडमचा हात हवेतच राहिला. आपण काय बोललो हे धनाजीला कळायला जरा वेळ लागला. मग तो गर्रकन गुणमालाकडे वळला.

"ताई, बंद करा ते."

गुणमालानं मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता. तो जरासुद्धा हलला नाही. "बंद कसं करत्यात, मला काय बाई कळत न्हाई," ती म्हणाली.

संयोगितानं फाइलीतून दाखल्याची दुसरी प्रत काढली, सतरंजीवर ठेवून तळहातानं सपाट केली, शेजारी सरकून जागा केली आणि पेन धनाजीपुढं धरलं.

"मला तुमच्यावाणी येत न्हाई," ती म्हणाली. "बसा हितं. करून दाखवा."