संमतीचा दिवा

दुय्यम निबंधक कार्यालयातल्या संमतीयंत्रावर रत्नमालानं तळहात ठेवला आणि हसऱ्या चेहऱ्यानं म्हटलं, "वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडते."

दिवा लाल झाला.

"घाबरू नका, परत म्हणा," निबंधक बाई म्हणाल्या. मनावर कुणाचा दबाव असला की यंत्राला कळायचं, आणि दिवा हिरवा झाल्याखेरीज हक्कसोडपत्र नोंदलं जात नसे.

रत्नमाला परत म्हणाली. पुन्हा लाल.

तिचा भाऊ जयसिंग खुर्चीतून उठून जवळ आला. "माले, काल घरी सगळ्यांसमोर कबूल झालीस ना? वहिनीनं तुझ्यासाठी साडीसुद्धा काढून ठेवलीय. माहेर हवंय की नको तुला?"

"हवंय, दादा."

"मग जरा मनापासून म्हण."

तिनं मनापासून म्हणून पाहिलं. दिवा लालच.

"यंत्र बिघडलंय!" जयसिंग ओरडला. "माझी बहीण खोटं बोलत नाही. दुसरं यंत्र आणा!"

रत्नमाला त्या लाल दिव्याकडे बघत राहिली. आजवर तिच्या मनाचं एवढं कुणीच ऐकलं नव्हतं.

"थांब दादा. बिघडलंय का, ते आत्ताच बघू."

तिनं पदर खोचला आणि तळहात यंत्रावर घट्ट दाबला. "माझा हिस्सा मी सोडत नाही. आजही नाही, उद्याही नाही."

दिवा हिरवागार झाला.

"यंत्र ठणठणीत आहे, दादा," ती म्हणाली. "आता घरी चल. माहेरसुद्धा मी सोडलेलं नाही."