धारेची साडी

"मैसुरात दोन रात्री, पुढं कूर्गच्या डोंगरात दोन," मोबाइलवरचं बोट न उचलता निशिगंधा म्हणाली. "मिरजेपतूर एसटी, बायकास्नी निम्मं तिकीट. तिथनं रेल्वे. डोंगरात चढायला कर्नाटकाची लाल बस. सोताची गाडी केली तर भाड्यातच मरतोय आपण, आत्ती."

"बस बरी," चिमणाबाई म्हणाली. ती सोप्यात पाय पसरून बसली होती आणि सुनेच्या खांद्यावरून त्या एवढ्याशा पडद्यात आपली सुट्टी शोधत होती. वय एकसष्ट, आणि उचगावच्या या घराबाहेर चार रात्री काढायचा बेत पहिल्यांदाच होत होता.

म्हैसुरात राहायला निशिगंधाने मुलींचं वसतिगृह शोधलं होतं. सुट्टीत खोल्या रिकाम्या पडतात म्हणून ते बायकांना स्वस्तात देतात. डोंगरात एका शेतकऱ्याच्या घरातली खोली होती. त्या मालकाने सहा वाजेपर्यंत खोली धरून ठेवली होती, नंतर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. साडेपाच वाजून गेले होते.

"ह्यात आणि एक लिहिलंय बघा," निशिगंधा म्हणाली. "सकाळी गोठ्यात सोता धार काढायचा अनुभव. माणशी दोनशे जादा."

"म्हंजे धार आपण काढायची, आणि पैसं बी आपणच द्यायचं?"

"हौसेनं देत्यात लोक."

"वजा कर ते."

"केलं. आणि सकाळची कॉफी खोलीत आणून देत्यात."

"कोण?"

"मालक सोता."

ही ओळ चिमणाबाईने तिला पुन्हा वाचायला लावली.

खांबाला टेकून तिचा नवरा गणपतराव पेपर तोंडासमोर धरून बसला होता. अर्ध्या तासात त्याने पान एकदाही उलटलं नव्हतं.

"देव कुठला हाय तिथं?" त्याने विचारलं.

"असंल कुठला तरी. आमी त्याच्यासाठी न्हाय चाललो."

"मग जायाचं कशाला? जोतिबाला जावा. मी रिक्षा करून देतो."

"जोतिबाला गेलो तरी सांजच्या धारंला परत. आजवर एका देवाला मला मुक्कामाला ठिवून घ्यायला जमलं न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "मला एकदा उन्हं वर येस्तवर झोपायचंय. उठल्यावर पैलं शेण दिसू नये. एवढंच."

तिचा आवाज चढला नव्हता, आणि गणपतरावाला तेच जड गेलं. चढलेल्या आवाजाला त्याच्याकडे उत्तर असायचं. त्याने पेपराची घडी घातली.

"जा की. मी कुठं हात धरलाय? पर म्हस तुझ्याबिगर कुणाला जवळ येऊ देती काय? मी बसलो की लाथ घालती. चार दिसांत आटंल ती. मग दूधसंस्थेत काय पाणी घालू?"

यात खोटं काहीच नव्हतं. एवढ्या एका खऱ्या गोष्टीवर त्याने तिला माहेरची लग्नंसुद्धा सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी उरकायला लावली होती. निशिगंधाचं बोट थांबलं. तेवढ्यात गोठ्यात म्हैस रेकली, म्हणजे धारेची वेळ झालीच. चिमणाबाई उठून आत गेली तसा गणपतरावाने पेपर पुन्हा उघडला. त्याच्या लेखी विषय मिटला होता.

ती बाहेर आली ती हातात साडी घेऊन. सकाळी अंघोळीला सोडलेली, धुवायची राहिलेली. तिने ती त्याच्या पेपरावर टाकली.

"नेसा."

"काय?"

"म्हशीला माणूस कळत न्हाय, वास कळतो. मी ह्या घरात आलो तवा तुमच्या आईनंच मला तिचं लुगडं नेसवून धारंला बसवलंवतं. मला तरी कुठं म्हस जवळ येऊ देत हुती?"

"गल्ली हसंल."

"हसू दे."

गणपतरावाने मदतीसाठी सुनेकडे पाहिलं. सून मोबाइलकडे बघत होती.

"पंधरा मिन्टं ऱ्हायलीत, मामा," ती म्हणाली.

म्हैस पुन्हा रेकली. चिमणाबाई जागेवर जाऊन बसली आणि तिने परत पाय पसरले. म्हैस रेकतेय आणि ही बसलीय, असं या घरात कधी झालं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हशीने दावं ओढलं, तेव्हा गणपतराव उठला. शिव्या पुटपुटत त्याने पायजम्यावरच साडी गुंडाळली, पदर डोक्यावर घेतला आणि बादली उचलली.

म्हशीने त्याचा खांदा हुंगला, मग गुडघा हुंगला. मागचा पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मुठीनं पिळा, चिमटीनं नको," चिमणाबाई सोप्यातूनच म्हणाली.

बादलीत पहिली धार वाजली. मग दुसरी. चिमणाबाईला एकदम भरून आलं, आणि ते सुनेला दिसू नये म्हणून ती तिच्यावरच खेकसली, "दाब की ते बटण."

निशिगंधाने दाबलं. खोली मिळाली.

शेजारची विठाबाई आपल्या म्हशीचं दूध संस्थेत घालायला निघाली होती. तिने जाता जाता गोठ्याच्या भिंतीवरून डोकावलं आणि पदर घेतलेला गणपतराव बघून ती भिंतीला धरून हसायला लागली. "अगं चिमणे, हे काय सोंग?"

"मी आणि सून चार दीस मैसूरला चाललोय," चिमणाबाई म्हणाली. "तवर धार ह्यांच्याकडं."

विठाबाई आणखी हसली, मग थोडं कमी हसली. तिने हातातल्या किटलीकडे पाहिलं. मग मागे वळून आपल्या दारात खाटेवर आडव्या पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. किटली भिंतीवर ठेवून ती सोप्याच्या पायरीशी आली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"निशिगंधा, त्या खोलीत तिघी मावतील काय गं?"