खाटेची जागा

संगणकावरच्या नव्या प्रोग्रामची माहिती जुन्याला समजेल अशा रूपात बदलून देणं, हे योगिनीचं काम. पण नवा प्रोग्राम आवराआवर करताना ती माहिती दुसरीकडे हलवायचा आणि जुना आधीच्याच जागी शोधत बंद पडायचा. शेवटी मेडशी गावातल्या माहेरच्या घरात बसून तिने थकल्या हातांनी सूचना लिहिली : जुन्याचं काम होईपर्यंत हलवायचं नाही.

ओसरीत तांब्या पडला. दृष्टी गेलेली माय भिंत चाचपडत होती.

"तुह्या बाबाची खाट कुठी हाय व?"

"तेरवी झाली, माय. मी उचलून ठेवली."

"त्या खाटीवरूनच तं मले घर समजते, बाई. उजवीकडे चूल, डावीकडे दार."

योगिनीने खाट होती तिथे परत आणून ठेवली. मग मायला आपल्याकडे पुण्याला न्यायला काढलेली दोघींची तिकिटं रद्द केली.