प्रभाग सातची रेघ
नगरपालिकेच्या अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवलं. "रेघ इथून वळवा."

नकाशा काढणाऱ्याने बोटाखाली वाकून पाहिलं. तिथे एकच घर होतं. खालच्या वस्तीच्या टोकाचं, पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनं असलेलं. त्याच्या स्वतःच्या मोठ्या बहिणीचं, ताईचं.

"आणि बाकीची वस्ती?"

"अख्खी सातमध्ये. तेवढं एक घर सहामध्ये जाऊ दे."

गेल्या आठवड्यातला हुकूम वेगळा होता. वस्ती मधोमध चिरायची, अर्धी सहामध्ये, अर्धी आठमध्ये. म्हणजे दोन्हीकडे वरच्या भागाची मतं भारी. आकडे जुळत नाहीत, मोजणी जुनी आहे, अशी निमित्तं काढून तो दिवस ढकलत होता. आता हे नवीन.

आजवर सगळं शहर मिळून नऊच्या नऊ सदस्य निवडायचं. मतदार वरच्या भागात जास्त, त्यामुळे नऊही तिथलेच. खालच्या वस्तीतला माणूस सभागृहात फक्त खुर्च्या लावायला जायचा. ताईने त्याविरुद्ध आठ वर्षं खटला लढवला. गिऱ्हाइकांचे कपडे बेतता बेतता कायदा शिकली. शेवटी निकाल लागला: नऊ प्रभाग, प्रत्येकाचा एक सदस्य, आणि दोन वर्षं त्या प्रभागात राहणाऱ्यालाच तिथून उभं राहता येईल.

सातमधून ताईच निवडून येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. सहामध्ये मात्र वरच्यांचंच राज्य. तिथे तिला कोण विचारणार?

"मी नाही म्हटलं तर?" त्याने विचारलं.

"तर दुसरा कोणीतरी काढेल. आधीसारखा, मधोमध."

त्याने पेन्सिल उचलली. चारशे घरं एकीकडे, एक घर दुसरीकडे. हिशेब सरळ होता, पण हात चालेना. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. तो नकाशे काढायला शिकला तो तिच्याच शिवणाच्या टेबलावर. शेवटी रेघ वळली.

सुनावणी शुक्रवारी होती. तोपर्यंत तो ताईकडे फिरकला नाही. तिने दोनदा निरोप धाडला, त्याने कामाचं कारण सांगितलं.

शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नकाशा भिंतीवर लागला. आपली वस्ती एकसंध पाहून मागच्या रांगांमध्ये कुजबूज वाढली, कोणीतरी टाळी वाजवली. ताई उठून भिंतीपाशी गेली. चष्मा लावून रेघेवरून बोट फिरवत निघाली आणि टोकाशी थांबली. टाळी विरली. हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं.

नकाशा काढणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. एक हरकत, आणि नकाशा रद्द. मग पुन्हा कोर्ट, पुन्हा आठ वर्षं.

अध्यक्षांनी विचारलं, "काही हरकत?"

ताईने वळून सभागृहाकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं नाही.

"हरकत नाही," ती म्हणाली आणि तशी सही करून बाहेर पडली.

त्याने तिला रस्त्यात गाठलं. दोघं वस्तीकडे चालत राहिली. तिच्या दाराशी आल्यावर त्याचा बांध फुटला. अध्यक्षांनी कसं कोंडीत पकडलं, कसं सांगितलं, सगळं त्याने ओकून टाकलं. "मी केसाने गळा कापला तुझा, ताई. रेघ माझ्याच हातची आहे."

ताईने कुलूप काढलं. त्याला आत घेतलं, खुर्ची पुढे सरकवली.

"वस्ती फोडू नका, मी उभी राहणार नाही, असं सांगायला मीच गेले होते त्यांच्याकडे," ती म्हणाली. "नुसत्या शब्दावर त्यांचा विश्वास बसेना. मग म्हटलं, माझं घरच बाहेर काढा."