तोंडी मत

साहेब, माझं मत तुम्ही खाल्लंत. आमच्या केंटकीत गव्हर्नरसाठी मत कोर्टाच्या पायरीवर, चारचौघांत, तोंडानं द्यावं लागतं. लिहून घेणाऱ्या कारकुनाशेजारी, मी ज्यांच्या लोखंडाच्या भट्टीवर कामाला होतो ते मालक खुर्ची टाकून बसलेले. त्यांचा व्याहीच गव्हर्नरपदाला उभा होता.

"काय रे लेवी, घसा बसला का?"

"घसा ठणठणीत आहे, मालक," म्हणत मी व्याह्याच्या विरोधातल्या उमेदवाराचं नाव घेतलं.

"मग आता घर रिकामं कर."

घर भट्टीचं होतं. संध्याकाळी बायको-पोरं, चूल, सगळं रस्त्यावर.

आणि आता मोजणीच्या वहीत तुम्ही लिहिता, "लेवी स्टॅम्पर याला गावात घर नाही, मत रद्द."

तुमच्या वहीप्रमाणे मी मत दिलंच नाही, तर माझं घर कोणत्या मतापायी गेलं? लेखी उत्तर द्या.