माइक चालू होता

"पान उलटलं तिने," कुलसचिव काकांच्या कानाशी पुटपुटले. "आता डोळ्यांत तेल घालून बसा."

हॅलोकाका तसेच बसले होते. सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून असलेली साउंडची ती काचेची खोली एकाच माणसाच्या बेताची. आज तिथे दोघे होते, आणि दुसरे खुद्द विद्यापीठाचे कुलसचिव असल्यामुळे काकांना स्वतःच्याच खुर्चीत अंग चोरून बसावं लागलं होतं. अकरा वर्षं माइकसमोर 'हॅलो, हॅलो' करून त्यांचं खरं नाव आता फक्त कंत्राटावर उरलं होतं. ते कंत्राट या महिन्यात संपत होतं. कुलसचिवांनी सकाळी त्याची आठवण करून दिली होती, अगदी सहज.

हुकूम सोपा होता. पदवीदानात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करणारी मुलगी मंजूर मजकुराबाहेर एक शब्द जरी बोलली, तरी समोरच्या यंत्रावरची माइकच्या आवाजाची दांडी खाली ओढायची. तो मजकूर कुलसचिवांच्या मांडीवर होता. त्यातल्या चार ओळींवर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रेघा मारल्या होत्या. त्या ओळी कुठल्याशा दूरच्या युद्धाबद्दल होत्या म्हणे. "इथे शिकायला आलात, शिका. जगाची भांडणं दाराबाहेर," असं त्यांनी मुलीला बोलावून बजावलं होतं. ओळी वाचल्या तर पदवी अडकेल, हेही सांगितलं होतं.

काकांनी ही हकीकत घरी सांगितली, तेव्हा बायको म्हणाली होती, "दांडी ओढा आणि गुपचूप घरी या. त्या युद्धात आपलं कोण आहे?" खरंच कोणी नव्हतं. पण काल माइक तपासायला आलेली ही बारीक आवाजाची पोर त्यांना 'काका' म्हणाली होती, आणि "बाकी सगळं माझ्यावर सोड," असं ते तिला सांगून बसले होते. आता त्याच पोरीचा आवाज दाबायला त्यांचा हात दांडीवर होता. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

मंचावर मुलगी छान बोलत होती. ग्रंथालयाचे आभार झाले. उपाहारगृहातल्या पाणचट चहाचेही झाले, त्यावर सभागृह हसलं.

"पहिल्या वर्षी आमच्या वर्गात आम्ही बेचाळीस जण होतो," ती म्हणाली. "आज एक्केचाळीस आहोत."

आणि ती थांबली. कागदावरून मान वर करून समोर बघत राहिली.

"आता बोलणार! ओढा."

"काय ओढू, साहेब? ती बोलतच नाहीये."

"मग थांबा."

"थांबलोय."

"पण तयार राहा!"

कुलसचिवांच्या नियमावलीत बोलण्यावर ढीगभर कलमं होती. न बोलण्यावर बहुधा एकही नसावं. त्यांनी रुमालाने मान पुसली.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. आवाज गेला की लोक मंचाकडे बघत नाहीत, मागे वळून साउंडवाल्याकडे बघतात. पहिल्या रांगेतून कुलगुरूंनीही वळून कपाळाला आठ्या घातल्या. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "माइक गेला वाटतं!"

हे मात्र काकांच्या जिव्हारी लागलं. अकरा वर्षांत त्यांचा माइक एकदाही गेला नव्हता. कंत्राट, बायको, शेजारचे साहेब, सगळ्यांचा त्यांना विसर पडला. सवयीच्या हाताने त्यांनी दांडी पार वरपर्यंत ढकलली.

मुलीचा श्वास सभागृहभर पसरला. आत, बाहेर, थोडा थरथरत. तिच्या हातातल्या कागदाची सळसळही ऐकू आली. एकेक मान पुन्हा मंचाकडे वळली, आणि चुळबुळ थांबली. माइक चालू होता. पोरगी मुद्दाम गप्प होती.

आपण काय करून बसलो, हे काकांना तेव्हा कळलं. आणि त्याच वेळी तिचं इतकं कौतुक वाटलं, की डोळे भरून आले.

"खाली घ्या ती दांडी," कुलसचिव म्हणाले.

काकांनी हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला. "तुम्हीच घ्या, साहेब."

कुलसचिवांनी हात पुढे केला. मग मुलगी नेमकी कुठे थांबली आहे हे बघायला कागदाकडे नजर टाकली, आणि हात अर्ध्यावरच राहिला. 'एक्केचाळीस आहोत'च्या खाली लाल रेघा होत्या. रेघांआडची अक्षरं स्पष्ट दिसत होती. त्यांचं बोट त्या अक्षरांखालून हळूहळू सरकू लागलं. ओठही हलत होते. काकांनी मान वाकडी करून वाचलं.

'बेचाळिसावी सुट्टीत घरी गेली होती. तिच्या शहरावर बॉम्ब पडले तेव्हा ती तिथल्या अभ्यासिकेत बसली होती. बातमी आली त्या दिवशी वर्गात कोणीच काही बोललं नाही. आम्हाला बोलायची भीती वाटली.'

किती वेळ गेला कोण जाणे. सभागृहात त्या श्वासाखेरीज काही नव्हतं. पुढच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उठून उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचे उठले.

मुलीने मान खाली घालून पुढची ओळ वाचली. "बोलायला शिकवल्याबद्दल मी या विद्यापीठाची ऋणी आहे."

हे वाक्य मंजूर मजकुरातलंच होतं. कुलसचिवांचं बोट मात्र अजून लाल रेघांवरच होतं.