हजेरीपटावरचे एकोणीस

रंगाच्या त्या कारखान्यात वीस माणसे भरताच कामगारांच्या हक्कांचा कायदा लागू झाला असता. म्हणून हजेरीपटावर सदैव एकोणीसच नावे असत. विसावा होता मुकादम, मालकाचा सख्खा मेहुणा. तपासणीच्या दिवशी रिकाम्या टाकीत उतरून बसण्याची युक्ती त्याचीच होती. "दाजी, घरचा माणूस कशाला मोजायचा?" असे तो हसून म्हणे.

त्या दुपारीही टाकीच्या तळाशी बसून तो वरचे बोलणे ऐकत होता.

"झाकण उघडं ठेवलंय? हा गुन्हा आहे," तपासणी अधिकारी गरजले. "बंद करा, मी सील लावतो. महिन्यानं येईन. तोवर सील तुटलं, तर कारखान्याला टाळं."

झाकण बसले. काळोख दाटला. हाक मारली तर दाजींचे बिंग फुटेल, म्हणून मुकादमाने पत्र्यावर नुसती मूठ आपटली.

"आत काय वाजतंय? कुणी आहे का?"

बाहेर हजेरीपट वाचला गेला. एकोणीस नावे, एकोणीस होकार. मुकादम श्वास रोखून दाजींच्या आवाजाची वाट पाहू लागला. तो आला, शांत, रोजच्यासारखाच मायाळू.

"सगळे बाहेर आहेत, साहेब. उन्हानं पत्रा तापला की वाजतो थोडा वेळ. मग थांबतो."